नसलेल्या ग्रंथाचा आधार

दिवाणी न्यायालयात वकील म्हणून मी उभी हयात घालवली. तिथे एक शिस्त होती आणि ती मोडणाऱ्याची कोणी गय करीत नसे. युक्तिवादात एखाद्या निवाड्याचा आधार घेतला, की समोरचा वकील जागेवरून उठे आणि दोनच शब्द बोले, "ग्रंथ दाखवा." ग्रंथ दाखवता आला नाही, तर युक्तिवाद तिथेच खाली बसे. दाखवता आला, तर न्यायाधीश स्वतः पान उघडून वाचत, आणि पुष्कळदा असे निघे की वकिलाने जे सांगितले त्याच्या नेमके उलट त्या पानावर छापलेले आहे. अशा वेळी भरल्या न्यायालयात त्या वकिलाची जी शोभा होई, ती पाहून नवशिके वकील आठवडाभर ग्रंथालयात बसत.

विद्येच्या घरात ही शिस्त आमच्यापेक्षा कडक असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातच, माझ्या जेवणघरातल्या टेबलावर, उद्ध्वस्त झाली. त्याची हकीकत मी इथे लिहून ठेवीत आहे. कोणाचेही नाव घेणार नाही. अब्रूनुकसानीच्या कायद्याची मला भीती नाही, मात्र ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांना आपले नाव कुठेही छापून आलेले फार आवडते, आणि तेवढा आनंदही त्यांना द्यायची माझी इच्छा नाही.

माझी सून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, शनिवारी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघेच, आणि वादही आमच्या दोघांतच. पीएच.डी. झाल्याखेरीज कायम होण्याची आशा नाही, म्हणून तिने एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात नाव नोंदवले. विषय मात्र तिने मनापासून निवडला होता. शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांत पुराचे पाणी चढू लागले, की घर सोडायचे हे कोण ठरवते?

ती स्कूटरवरून त्या गावांत हिंडली. काही वेळा मीही मागे बसून गेलो, कारण उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून ती एकटी जाते हे मला रुचत नव्हते. एका गावात गोठ्याच्या दारात बसलेल्या बाईला तिने हाच प्रश्न विचारला. बाई तिच्याकडे अशी बघत राहिली, की जणू काही या शिकलेल्या मुलीला पाणी खालून वर चढते हेही ठाऊक नसावे.

"कोण ठरवतंय म्हंजे?" बाई म्हणाली. "आमचं हे माळ्यावर चढून पाणी किती आलं ते बघत बसल्यालं. मी दावी सोडली. म्हसरं निघाली की मागनं माणसं निघत्यात. इचारत बसायला येळ हुता व्हय?"

गावोगाव तिला हेच ऐकू आले. जनावरांचे सगळे ज्या बाईच्या हातात असते, तिने दावे सोडले की घर हलते. पुरुषमाणसे नंतर त्याला आपला निर्णय म्हणतात. यावर लिहिलेले प्रकरण सुनेच्या प्रबंधाचा कणा होते. मी आयुष्यभर साक्षी नोंदवल्या आहेत. खरी साक्ष कानाला कळते. ती साक्ष खरी होती.

आता एका सॉफ्टवेअरविषयी, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. संदर्भ सांभाळण्याचे हे सॉफ्टवेअर तिने मला दाखवले तेव्हा मी खरोखर थक्क झालो. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची, लेखाची त्यात एक नोंद करायची. लेखक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठे. मग प्रबंध लिहिताना वाक्याच्या शेवटी एक कळ दाबायची, यादीतून हवे ते पुस्तक निवडायचे, की कंसात संदर्भ आपोआप पडतो आणि प्रबंधाच्या अखेरीस संदर्भसूची अकारविल्हे लावून तयार. मांडणीची पद्धत बदलायची म्हटले तर एका कळीसरशी सगळी सूची अंगावरचे कपडे बदलावेत तशी बदलते. आमच्या वेळी निवाड्यांची यादी बिनचूक करण्यात एकेका कनिष्ठ वकिलाचे तारुण्य गेले आहे. मी तिला म्हणालो, हे यंत्र आम्हाला मिळाले असते तर निम्मे खटले लवकर संपले असते.

"आबा, यंत्र वाचत नाही," ती म्हणाली. "वाचायचं आपणच."

हे वाक्य त्या संशोधन केंद्रात तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

केंद्राची एक प्रथा आहे. नवा विद्यार्थी दाखल झाला की मार्गदर्शक त्याला पेन ड्राइव्हवर एक फाइल देतात. आधीच्या सर्व विद्यार्थ्यांनी त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या नोंदी त्यात एकत्र असतात. मार्गदर्शक त्याला 'आपल्या केंद्राचे भांडार' म्हणतात. थोरला धाकट्याला देतो, धाकटा त्यात भर घालून पुढच्याला देतो. कल्पना वाईट नाही. विहीर सामाईक असावी. पण विहिरीत काय पडले आहे हे बघायला कोणीतरी वाकून पाहायला हवे, आणि इथे सगळे डोळे मिटून पोहरा सोडणारे. एकेका प्रबंधाची सूची म्हणजे आधीच्या प्रबंधाच्या सूचीला जोडलेले शेपूट. पुस्तके तीच, चुका त्याच. मजकुराची चोरी पकडणारे जे दुसरे यंत्र असते, ते संदर्भसूची वगळूनच तपासते, त्यामुळे त्या शेपटाला हात लावायला कोणी येत नाही.

सुनेने कणा असलेले ते प्रकरण मार्गदर्शकांना दिले. ते परत आले तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा होता, 'प्रस्थापित संशोधनाशी विसंगत. निष्कर्ष बदलावेत.' आणि खाली भांडारातल्या एका पुस्तकाचे नाव. पूरग्रस्त कुटुंबांतील निर्णयप्रक्रिया असा काहीसा त्या नावाचा अर्थ होता. आधीच्या प्रबंधांनी त्याच्याच आधाराने लिहिले होते, की नदीकाठच्या स्त्रिया स्थलांतराचा निर्णय पूर्णतः पुरुषांवर सोपवतात.

ती त्या दिवशी घरी आली ती चप्पलही न काढता टेबलापाशी बसली.

"काय झालं?"

"सर म्हणतात, इतक्या प्रबंधांत एक आणि तुझ्या प्रबंधात दुसरंच, असं चालत नाही. बाहेरचे परीक्षक म्हणतील, पोरीनं आधीचं काही वाचलंच नाही. निष्कर्ष बदल, नाहीतर सही मिळणार नाही."

"मग ते पुस्तक काय म्हणतं ते बघू. दाखव."

"भांडारात आहे, आबा."

"कुठल्या कपाटात?"

"कपाटात नाही. फाइलमध्ये. नोंद आहे."

"नोंद नको. ग्रंथ दाखव."

तिला तो ग्रंथ कुठेच मिळाला नव्हता, आणि आपण पुरेसे शोधले नाही अशी तिला लाज वाटत होती. लाज तिला वाटत होती! तो लाल शेरा लिहिणाऱ्याला नव्हे. मला तिथे जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. पत्रे लिहिणे हा माझा जुना रोग आहे. महापालिकेचे सगळे विभाग त्याला साक्षी आहेत. मी कोल्हापुरातल्या, सांगलीतल्या, पुण्यातल्या ग्रंथालयांना पत्रे लिहिली. सगळ्यांची उत्तरे आली. या शीर्षकाचे पुस्तक आमच्या संग्रहात नाही. प्रकाशक कोल्हापूरचा म्हणून नोंदला होता, पण त्या नावाचा प्रकाशक या शहरात कधी होता असे सांगणारा जुना पुस्तकविक्रेताही सापडला नाही. एकाने तर मलाच विचारले, "वकीलसाहेब, तुम्हीच काढताय काय प्रकाशन?"

आधीचे प्रबंध जिथे टंकून, बांधून मिळतात, अशा एका दुकानातही आम्ही गेलो. दारावर पाटी होती, प्रबंध, सारांश, संदर्भसूची, सर्व कामे एकाच ठिकाणी. गल्ल्यावरचा माणूस आनंदी होता. सुनेने पुस्तकाचे नाव सांगताच त्याचा चेहरा उजळला.

"ते व्हय? लई चालतंय ते! तुमच्या सरांच्या सगळ्या पोरांच्यात असतंय."

"तुम्ही पाहिलंय?" मी विचारले.

"पुस्तक? न्हाय बा. पुस्तक कोण बघतंय, पावणं? एंट्री हाय की. क्लिक केलं की बसतंय." मग सुनेकडे वळून तो म्हणाला, "ताई, तुमची सूची बारीक वाटत असली तर जाड करून देतो. परीक्षकांना जाड आवडती."

मी त्याला ग्राहक संरक्षण कायद्याविषयी काही सांगणार होतो, पण सुनेने माझा कोपर धरून मला बाहेर आणले.

मग आम्ही उलट दिशेने निघालो. ज्या प्रबंधात ते पुस्तक आढळले, त्याच्या आधीचा प्रबंध काढायचा, त्यात आढळले की त्याच्याही आधीचा. जमिनीच्या खटल्यात फेरफाराच्या नोंदी मागे मागे लावत नेतात, तसेच. शेवटचा धागा एका माणसापाशी थांबला. तो केंद्राच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होता आणि आता गडहिंग्लजकडच्या एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे. सुनेचे माहेर गडहिंग्लजचेच, त्यामुळे ओळख काढणे अवघड गेले नाही. आम्ही एसटीने गेलो. त्याने चहा मागवला. सुनेने पुस्तकाचे नाव उच्चारले मात्र, तो बशी हातात धरून हसत सुटला.

"आयला, ते अजून हाय व्हय?"

"म्हणजे?" मी म्हणालो.

"अहो सर, ते पुस्तकच न्हाय. आमच्या वेळी पहिल्यांदा ते सॉफ्टवेअर आलं, तेव्हा केंद्रात एक दिवसाची कार्यशाळा ठेवली हुती. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, सरावासाठी प्रत्येकानं कुठलं तरी काल्पनिक पुस्तक टाका, म्हणजे लेखक कुठं पडतो, वर्ष कुठं पडतंय ते कळंल. आम्ही टाकली. एकानं आपल्या मेव्हण्याला लेखक केलं. मी हे टाकलं. बाकीच्यांनी आपापली पुसली, माझं ऱ्हायलं."

"आणि स्त्रिया निर्णय पुरुषांवर सोपवतात, हे वाक्य?" सुनेने विचारले.

"ते माझं न्हाय. माझ्या मागनं आलेल्याला त्या वाक्याला आधार पायजे हुता. यादी उघडली, शोभंल असं नाव दिसलं, दाबलं. पुढच्यांनी त्याचं बघून दाबलं. सरांनी आपल्या लेखात घेतलं तेव्हा तर माझीच मला शंका आली, असंल बाबा खरंच एखादं!" तो पुन्हा हसला.

मला हसू आले नाही. सरावासाठी लिहिलेले एक खोटे नाव. त्याला कोणीतरी सोयीचे वाक्य चिकटवले. त्या वाक्यावर प्रबंध, प्रबंधांवर मार्गदर्शकांचा लेख, आणि त्या लेखाच्या बळावर कृष्णाकाठच्या बायकांची साक्ष आता खोटी ठरवली जात होती. आमच्याकडे याला ऐकीव पुरावा म्हणतात. पण ऐकीव पुराव्यातही निदान पहिल्यांदा बोलणारा एक माणूस असतो. इथे तोही नव्हता. मी पिशवीतून कागद काढला आणि त्याला म्हणालो, "हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्या. मसुदा मी आत्ता करतो."

त्याचे हसू जागच्या जागी मिटले. "लेखी न्हाय देणार, सर. नोकरी हाय की मला. आणि सरांचा फोन आला तर मी तुम्हाला वळखतबी न्हाय."

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात पत्र रचत होतो. केंद्रप्रमुखांना, कुलगुरूंना, प्रत राज्यपालांना. पहिला परिच्छेद मला अजून पाठ आहे. बस निपाणी सोडून निघाली तेव्हा मी तो सुनेला ऐकवला. ती खिडकीबाहेर बघत होती.

"पत्र जाणार नाही, आबा."

"का?"

"तुमचं पत्र गेलं की चौकशी समिती बसेल. समिती बसली की माझा प्रबंध कपाटात जाईल. समितीचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला माझं प्रकरण बाहेर यायला हवंय. त्या बायकांनी सांगितलं तसंच. त्याआधी तुम्ही काहीही करणार नाही."

मला उलटतपासणीत हरायची सवय नाही. पण ती बरोबर बोलत होती. चौकशी समित्यांची मला असलेली माहिती मुद्देसूद आहे आणि ती छापण्याजोगी नाही.

तिने मार्गदर्शकांना भेटून सरळ सांगितले, की ते पुस्तक अस्तित्वात नाही. गडहिंग्लजच्या प्राध्यापकाचे नाव तिने घेतले नाही. मार्गदर्शक रागावले नाहीत. मला त्याचेच जास्त वाईट वाटले. माणूस रागावला तर समजावे, आत कुठेतरी काही जिवंत आहे. ते म्हणाले, "मग ते काढून टाक आणि त्या जागी माझा लेख टाक. वाक्य तेच ठेव. लेख तर अस्तित्वात आहे ना?"

त्यांच्या लेखाचा आधार तेच पुस्तक होते, हे तिने त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "एवढ्या खोलात परीक्षक जात नाहीत."

त्यानंतर तिने जे केले, ते मला आधी पटले नाही. मार्गदर्शकांचा लेख तिने घेतला, त्यांच्या आणखी दोन लेखांसोबत संदर्भसूचीतही घातला. पण वाक्य त्यांचे ठेवले नाही. तिने लिहिले, की स्त्रिया हा निर्णय पुरुषांवर सोपवतात असे या लेखात आणि काही प्रबंधांत म्हटले आहे, परंतु त्यासाठी दिलेला मूळ ग्रंथ पुढील ग्रंथालयांत शोधूनही आढळला नाही, म्हणून त्या विधानावर येथे विसंबलेले नाही. खाली ग्रंथालयांची नावे. त्याखाली गावांतल्या बायकांची साक्ष, जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत.

"हे सर वाचतील," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली.

प्रबंधाच्या प्रती घेऊन सहीसाठी जायचे होते, त्या दिवशी ओझे आहे म्हणून मी बरोबर गेलो. मार्गदर्शकांची खोली थंड होती. भिंतीवर त्यांच्याच सत्कारांची छायाचित्रे. एकात शाल, एकात फेटा, एकात नुसतेच ते. मला बसायला सांगून त्यांनी प्रत उघडली. मधली सगळी पाने त्यांनी एका मुठीत उलटली आणि थेट संदर्भसूचीवर आले. बोट वरून खाली सरकत गेले. आपल्या नावापाशी थांबले. पुन्हा सरकले, पुन्हा थांबले.

"तीनच लेख?"

"सर, विषयाशी संबंधित तेवढेच होते."

"दोन अजून चालले असते. बरं." आणि त्यांनी सही केली.

एका सज्ञान, उच्चशिक्षित, पदवीधारक माणसाने, आपल्याच लेखाला जिथे निराधार म्हटले आहे तो प्रबंध, आपले नाव किती वेळा आले आहे एवढे पाहून प्रमाणित केला होता. करारावर न वाचता सही करणाऱ्या शेतकऱ्याला न्यायालय कधीकधी दया दाखवते. या माणसाला कोणत्या कलमाखाली दया दाखवायची, ते मला आजतागायत सुचलेले नाही.

पुढे खुली मौखिक परीक्षा ठरली. तिची एक प्रथा सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो. परीक्षकांची मोटार, शाल, श्रीफळ आणि दुपारचे मटणाचे जेवण हे सर्व उमेदवाराच्या घरच्यांनी करायचे. न्यायालयात पक्षकाराने न्यायाधीशाला जेवू घातले असते तर काय झाले असते, हे मी सुनेला विचारले. ती म्हणाली, "आबा, रस्सा दोन्ही लागेल. तांबडा आणि पांढरा."

बाहेरगावचे परीक्षक थकलेले, हडकुळे गृहस्थ होते. केंद्राच्या सभागृहात विद्यार्थी, प्राध्यापक, मागच्या रांगेत मी. सुनेने सादरीकरण केले. मार्गदर्शक मंचावर परीक्षकांशेजारी बसून मान डोलावत होते. मग परीक्षकांनी प्रबंध उघडला, आणि माझ्या लक्षात आले की त्यात जागोजागी एसटीची तिकिटे खुणेसाठी घातलेली आहेत. या माणसाने वाचला होता. सबंध.

"इथं तुम्ही म्हणता, मूळ ग्रंथ आढळला नाही," ते म्हणाले. "कुठं कुठं पाहिलंत?"

सुनेने ग्रंथालयांची नावे सांगितली.

"प्रकाशक?"

"त्या नावाचा प्रकाशक सापडला नाही, सर."

"आणि हाच ग्रंथ आधीच्या प्रबंधांत आहे?"

"आहे, सर. त्यांच्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझ्या प्रकरणापुरतं सांगितलंय."

मार्गदर्शकांचा चेहरा मी पाहत होतो. आपण कशावर सही केली आहे हे त्यांना त्या घटकेला, सर्वांसमक्ष, पहिल्यांदा कळत होते. डोलणारी मान थांबली. ओठ दोनदा हलले. मला वाटले, आता हा माणूस निदान गप्प तरी बसेल. ते उठून उभे राहिले, माईक जवळ ओढला, आणि प्रसन्न स्वरात म्हणाले, "हे मी मुद्दाम तपासायला लावलं होतं. संदर्भांची शुद्धता हा आमच्या केंद्राचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे."

टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो. मंचावरून सुनेने माझ्याकडे पाहिले, नुसते पाहिले, आणि मी बसलो.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "छान," ते म्हणाले. "मग सर, तुमच्या लेखातही तो ग्रंथ आहे. लेख मागे घेताय ना?"

"विचाराधीन आहे," मार्गदर्शक म्हणाले.

मागे कोणीतरी फस्सकन हसले. परीक्षकांनी आणखी दोन प्रश्न बायकांच्या साक्षीविषयी विचारले, चांगले प्रश्न, आणि तिने चांगली उत्तरे दिली. मग त्यांनी उभे राहून जाहीर केले, की प्रबंध कोणतीही दुरुस्ती न सुचवता स्वीकारावा अशी शिफारस ते करीत आहेत. प्रकरण जसेच्या तसे राहिले. सुनेने तिथल्या तिथे डोळे पुसले आणि माझ्याकडे बघायचे टाळले.

जेवणाची पंगत बाहेरच्या व्हरांड्यात होती. मार्गदर्शक आग्रहाने वाढायला सांगत फिरत होते, जणू काही मटण त्यांच्या घरचे. माझ्याही हातात ताट आले. सून पंगतीत दिसली नाही, म्हणून मी तिला शोधत आत गेलो. ती केंद्राच्या संगणकासमोर बसली होती. समोर ते भांडार उघडे होते, ज्यातून नव्या विद्यार्थ्यांना फाइल उतरवून देतात. तिने ती नोंद शोधून काढली होती. लेखक, वर्ष, प्रकाशक, सगळे व्यवस्थित जागच्या जागी. खऱ्या पुस्तकाच्या नोंदीत आणि त्या नोंदीत पाहणाऱ्याला काहीही फरक दिसला नसता.

माझ्या मागोमाग मार्गदर्शक आले. हातात रश्श्याची वाटी होती.

"अगं, जेवायचं सोडून काय करतेस?"

"ती नोंद काढतेय, सर."

"असू दे की," ते म्हणाले, आणि वाटीतला एक घोट घेतला. "कुणाला तरी लागेल."

त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता, भीती नव्हती. अडगळीतली रिकामी बरणी टाकू नको म्हणणाऱ्या माणसाचा सहज, काटकसरी स्वर होता तो. आयुष्यात मी खोटे साक्षीदार पुष्कळ पाहिले. पैशासाठी, भावकीच्या रागापोटी, भीतीने खोटे बोलणारे. त्यांना आपण खोटे बोलतो आहोत हे ठाऊक असे, आणि तेवढ्यापुरते तरी ते सत्याला ओळखत असत. या माणसाला दोहोंतला फरकच कळत नव्हता.

सुनेने मान वर केली नाही. तिने नोंद पुसली, खात्री आहे का असे यंत्राने विचारले, त्यालाही होकार दिला, आणि संगणक बंद करून उठली. आधीच उतरवून नेलेल्या फाइलींत, वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या संगणकांवर, ते पुस्तक अजून आहे हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

"चला आबा, गार होतंय," ती म्हणाली.

ती पंगतीत जाऊन बसली आणि पोटभर जेवली. मी ताट तसेच ठेवून दिले, आणि घरी येऊन भाकरी खाल्ली.